न्यूएल हायवेवर रमतगमत: तंबू घेऊन गावोगाव कसं फिरायचं

ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून ब्रिस्बेनकडे मोटारीने जाणारा, किनारा सोडून आतला रस्ता म्हणजे मुख्यतः न्यूएल हायवे. मरे नदीकाठच्या टोकमवालपासून क्वीन्सलंडच्या सीमेवरच्या गुंडीविंडीपर्यंत साधारण १,०६० किलोमीटर. ट्रकवाले आणि घाईतले लोक तो एक-दोन दिवसांत उरकतात. तंबूवाल्यांनी त्याला तेरा ते पंधरा दिवस द्यावेत. रस्ता डांबरी आणि बहुतांश सपाट आहे, साधी हॅचबॅकही पुरते, आणि गावं इतक्या सोयीच्या अंतरावर आहेत की पुढच्या मुक्कामाची धास्ती राहत नाही.

टप्पे साधारण असे पडतात: टोकमवाल ते जेरिल्डरी ५५-६० किलोमीटर, तिथून नॅरँडेरा १०५-११०, मग वेस्ट वायलाँग सुमारे १३०, फोर्ब्स शंभरच्या थोडं वर, पार्क्स अवघं ३३, डबो १२०, गिलगँड्रा ६५, कूनाबॅराब्रन ९५, नॅराब्राय १२०, मोरी १०० आणि शेवटी गुंडीविंडी सुमारे १२५. रोज एकच टप्पा घ्यायचा. दोन टप्पे जोडायचा मोह जेरिल्डरी किंवा फोर्ब्स-पार्क्सजवळ होतो. तिथे जोडले तरी चालतील. पण फोर्ब्स, डबो, कूनाबॅराब्रन आणि मोरी इथे दोन-दोन रात्री धराच.

तीनच्या आत मुक्काम

या प्रवासाचा एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा: दुपारी तीनपर्यंत गाडी मुक्कामी उभी. सगळं याच्याशी बांधलेलं आहे. जूनमध्ये या भागात सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याच्या आधीच कांगारू चरायला रस्त्याकडेला येतात. गावातली दुकानं पाचला बंद होतात. शनिवारी बरीचशी दुपारी बारालाच, आणि रविवारी लहान गावात बेकरी आणि पेट्रोल पंप सोडून फारसं काही उघडं नसतं. मे-जूनमध्ये उत्तरेकडे निघालेले आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परतणारे निवृत्त कॅरॅव्हॅनवाले, म्हणजे ‘ग्रे नोमॅड्स’, दोनच्या आधीच चांगल्या जागा धरून बसतात. अंधारात तंबू ठोकताना खुंटी दगडावर आपटतेय की पाण्याच्या नळीवर, तेही कळत नाही.

सकाळीही उजाडल्या उजाडल्या निघू नका. ऊन नीट वर येऊ द्या, दव सुकू द्या, नऊला हला. ओला तंबू गुंडाळून पिशवीत कोंबला तर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. निघायची घाई असेलच तर तंबूचं बाहेरचं कापड वेगळ्या पिशवीत ठेवा आणि दुपारी पहिल्यांदा तेच वाळत घाला.

कांगारू आडवा आलाच तर सरळ रेषेत ब्रेक लावा, स्टीअरिंग वळवू नका. या रस्त्यांवर जीव जातात ते बहुधा प्राण्याला धडकून नाही, तर त्याला चुकवताना झाडावर आदळून किंवा गाडी उलटून. एक कांगारू रस्ता ओलांडून गेला की वेग वाढवू नका, मागून दुसरा येतोच. रस्त्यावर मेलेल्या जनावरावर गरुड बसलेला दिसला तर दुरूनच वेग कमी करा. तो मोठा पक्षी आहे, पोट भरलेलं असलं तर उठायला वेळ घेतो आणि नेमका काचेच्या उंचीवरून उडतो. भाड्याच्या गाडीचा करार वाचा: गावाबाहेर रात्री चालवायला आणि कच्च्या रस्त्यावर जायला अनेक कंपन्यांची मनाई असते. तशा वेळी झालेलं नुकसान विमा भरत नाही.

न्यूएलवर ३६.५ मीटर लांबीचे रोड ट्रेन, म्हणजे मागे एकाहून जास्त ट्रेलर जोडलेले ट्रक, हेही भेटतात. तो ताशी १०० ने चाललाय आणि तुम्ही ११० ने, तर त्याला सुरक्षितपणे ओलांडून पुन्हा आपल्या लेनमध्ये यायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं आणि तेवढ्यात गाडी किलोमीटरभर पुढे जाते. म्हणून समोरून येणाऱ्या लेनमध्ये घुसायचंच नाही. ओव्हरटेकिंग लेनची वाट पाहायची. पुढच्या लेनची पाटी काही किलोमीटर आधी लागलेली असते. तुम्हाला घाई नाही, हेच तुमचं भांडवल. उलट मागे ट्रक चिकटला असेल तर विश्रांतीच्या जागी वळून त्याला जाऊ द्या.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गव्हाची कापणी चालू असते. तेव्हा रस्त्याची रुंदी व्यापणारी कापणी यंत्रं आणि धान्याचे ट्रक भेटतात. पुढे चालणाऱ्या पायलट गाडीने इशारा केला तर डावीकडे पूर्ण थांबा. त्या दिवसांत उन्हाळाही सुरू झालेला असतो आणि जानेवारीत पारा ४० च्या वर जाऊ शकतो, त्यामुळे तंबूसाठी एप्रिल-मे आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हेच दिवस चांगले.

रात्र कुठे काढायची

‘फ्री कॅम्प’ हा शब्द ऐकून तंबूवाले हुरळतात आणि इथेच फसतात. गावालगतच्या बऱ्याच फुकट जागा फक्त ‘सेल्फ-कंटेन्ड’ वाहनांसाठी असतात, म्हणजे ज्यांच्यात स्वतःचा संडास आणि सांडपाण्याची टाकी आहे त्यांच्यासाठी. तंबू ठोकलात तर कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, माणूस येऊन उठवतो, वर दंड होऊ शकतो. विकीकॅम्प्स किंवा कॅम्परमेट या ॲपवर जागा निवडताना ‘टेंट’ हा फिल्टर लावा आणि सर्वांत ताज्या तीन-चार नोंदी वाचा. दोन वर्षांपूर्वीची स्तुती काही कामाची नाही. तिथे पोचल्यावर मात्र ॲपपेक्षा पाटी मोठी.

तंबूसाठी सर्वांत चांगला सौदा म्हणजे शोग्राउंड. वर्षातून एकदा शेतकी प्रदर्शन भरतं ते हे मैदान. उरलेले दिवस ते बहुतेक गावांत मुक्कामाला मिळतं, कॅरॅव्हॅन पार्कच्या साधारण निम्म्या दरात. गरम पाण्याचे शॉवर, संडास, नळ आणि कुठेकुठे वीज असते. आधी बुकिंग लागत नाही. तुम्ही जागा पाहून तंबू लावायचा, संध्याकाळी केअरटेकर फेरी मारून पैसे घेतो. कुठे तो नसतोच. दाराशी लिफाफे आणि लोखंडी पेटी असते. म्हणून पाच-दहा डॉलरच्या नोटा आणि एक-दोन डॉलरची नाणी जवळ हवीत. पन्नासची नोट पेटीत टाकून सुटे परत मिळत नाहीत, आणि शॉवरचं यंत्र कार्ड घेत नाही.

शोग्राउंडवर दोन गोष्टी पाहून जागा निवडा. एक, घोड्यांचे तबेले आणि सरावाची धावपट्टी कुठे आहे. पहाटे पाचला टापा वाजायला लागतात. दुसरं, रात्रभर जळणारा दिवा. प्रदर्शनाच्या किंवा रोडिओच्या आठवड्यात मैदान बंद असतं. तारखा कौन्सिलच्या पानावर असतात. पार्क्समध्ये जानेवारीत एल्व्हिस महोत्सव असतो, तेव्हा अख्खं गाव भरलेलं असतं.

वीज घ्यायची असेल तर घरातली एक्सटेंशन वायर चालत नाही. पार्कमधलं सॉकेट १५ ॲम्पियरचं असतं. तंबूसाठी सेफ्टी स्विच असलेला, पाणी न शिरणारा कॅम्पिंग पॉवर बॉक्स आणि १५ ॲम्पियरची जाड वायर घ्या. वायर गुंडाळून ठेवून वापरू नका, गुंडाळीत ती तापते.

हायवेवरच्या विश्रांतीच्या जागा आणीबाणीसाठी ठेवा. तिथे रात्रभर ट्रक येतात, आणि ज्यांच्या मागे मांस-भाजीचं शीतयंत्र घुरघुरतं ते नेमके शेजारी उभे राहतात. ट्रकसाठी राखलेल्या जागेत तर थांबूच नका. चालकांना कायद्याने ठरलेल्या वेळी विश्रांती घ्यावी लागते. त्यांची जागा अडवणं हा नुसता उद्धटपणा नाही, रस्त्यावरच्या सगळ्यांना धोका आहे.

कूनाबॅराब्रनपासून पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरवर वॉरंबंगल नॅशनल पार्क आहे. न्यूएल ज्या राज्यातून जातो त्या न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल पार्कमधल्या मुक्कामाला ऑनलाइन बुकिंग लागतं, आणि आत नेटवर्कची खात्री नाही. त्यामुळे बुकिंग गावातच करून पावतीचा फोटो काढून ठेवा. कॅम्प ब्लॅकमनला शॉवर आणि काही वीज असलेल्या जागा आहेत. २०१६ मध्ये हे ऑस्ट्रेलियातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, ठरलं. त्यामुळे अमावास्येच्या आसपासच्या दोन रात्री इथे येतील असं बेताचं गणित सुरुवातीलाच मांडा. हेडटॉर्चला लाल दिवा हवा, पांढऱ्या उजेडाने शेजाऱ्यांचीही नजर दिपते. तिथल्या ब्रेडनाइफ आणि ग्रँड हाय टॉप्सची पायी फेरी साधारण साडेचौदा किलोमीटरची आहे. पाच-सहा तास आणि माणशी तीन लिटर पाणी धरा.

नदीकाठी, विशेषतः टोकमवालला मरेच्या वाळूवर, एक पथ्य सक्त पाळा. रेड गम नावाच्या प्रचंड निलगिरीखाली तंबू लावू नका. वारा नसतानाही, भर उन्हाळ्यातसुद्धा, ही झाडं मोटारीएवढी फांदी खाली सोडतात. सावली पाहिजे तर दुपारी खुर्ची टाका, रात्री झोपायला फांद्यांच्या घेरापासून दूर सरका.

जमीन, थंडी आणि शेगडी

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या इथे निकामी. मैदानं वर्षानुवर्षं गाड्यांनी दाबलेली असतात. बारीक तार वाकते, प्लॅस्टिक तुटतं. ८ मिलिमीटर जाडीच्या, ३०० मिलिमीटर लांबीच्या पोलादी खुंट्या वीसेक आणि खरा हातोडा घ्या. गवतात काटेरी गोखरूसारख्या बिया असतात, त्या हवेच्या गादीला आणि सायकलच्या चाकाला सारख्याच भोसकतात. तंबूखाली जाड ताडपत्री घाला, पण तिच्या कडा तंबूखालीच दुमडा. बाहेर राहिलेली कड पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली नेते.

नॅराब्रायच्या पुढे काळी माती लागते. कोरडी असताना फरशीसारखी, अर्धा तास पाऊस पडला की साबण. चाकांना थर चढतो, चाकाची पोकळी भरते आणि गाडी जागच्या जागी सरकते. आभाळ भरून आलं असेल तर काळ्या मातीवर गाडी उतरवू नका. खडीचा किंवा काँक्रीटचा तुकडा असलेलं मैदान शोधा.

थंडीचा अंदाज सगळ्यांचा चुकतो. ऑस्ट्रेलिया म्हणजे ऊन हे डोक्यात बसलेलं असतं, आणि जुलैत डबो-कूनाबॅराब्रनकडे पहाटे गवतावर दहिवर गोठतं. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ बघा, ‘लिमिट’ नाही. कम्फर्ट शून्य किंवा उणे ५ हवं. गादीची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याची क्षमता, तीनच्या वर हवी, कारण शरीराची ऊब वरून कमी आणि खालून जास्त जाते. साधी फुगवायची गादी वापरत असाल तर तिच्यावर घोंगडी पसरा. अंगावर दुसरी घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी.

याच थंडीत छोट्या डब्यांची ब्युटेन शेगडी दगा देते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याच्या आसपास डब्यातल्या द्रवाचा वायूच होत नाही आणि ज्योत मिणमिणते. डबा रात्री स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवा, किंवा सरळ प्रोपेनची छोटी टाकी घ्या. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. डबा ज्योतीजवळ धरून गरम करायचा नाही आणि शेगडी तंबूच्या आत पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तीन लिटरचा कुकर बरोबर असेल तर वरण-भात एका शिट्टीच्या गॅसवर होतो.

फ्रिजचा हिशेब: ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ४५ ॲम्पियर-तास खातो. गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर ठेवलात तर सकाळी गाडी सुरू होणार नाही. १०० ॲम्पियर-तासाची वेगळी लिथियम बॅटरी दोन दिवस पुरते, पण रोज दीड तासच गाडी चालते तेव्हा ती पूर्ण भरत नाही. दोन रात्रींच्या मुक्कामात एकदा वीज असलेली जागा घ्या. हे सगळं नको असेल तर चांगली बर्फाची पेटी घ्या आणि पेट्रोल पंपावर मिळणारी पाच किलोची बर्फाची पिशवी घाला. हिवाळ्यात ती दोन दिवस टिकते. वितळलेलं पाणी गार असतं, म्हणून सगळं ओतून देऊ नका. फक्त भाज्या बुडणार नाहीत एवढं काढा.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर पिण्या-स्वयंपाकाला, उन्हाळ्यात त्याहून जास्त. वीस लिटरचा कॅन पुरे. नळावर ‘नॉन-पोटेबल’ किंवा ‘बोअर वॉटर’ लिहिलं असेल तर ते भांडी घासायला. उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत.

आग, पूर, फोन

न्यू साउथ वेल्समध्ये आगीचा वैधानिक हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतो. धोक्याच्या पायऱ्या चार: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटास्ट्रॉफिक. ‘टोटल फायर बॅन’ जाहीर झाला की लाकूड-कोळसा बंद, आणि गॅसच्या शेगडीलाही अटी लागतात. त्या दिवशी गावाच्या बागेतला विजेचा फुकट बार्बेक्यू वापरा. बटण दाबलं की तवा काही मिनिटं तापतो, मग परत दाबायचं. शाकाहारी असाल तर वर बेकिंग पेपर पसरून त्यावर भाजा. कॅटास्ट्रॉफिकच्या दिवशी जंगलात किंवा गवताळ माळावर थांबूच नका, आदल्या संध्याकाळीच मोठ्या गावात या. ‘हझार्ड्स निअर मी’ हे सरकारी ॲप घ्या आणि आपल्या टापूच्या सूचना चालू ठेवा.

पुराचं तसंच. २०२२ मध्ये फोर्ब्स आणि वेस्ट वायलाँगच्या मधला न्यूएल पाण्याखाली गेला होता. निघायच्या सकाळी रस्ते चालू-बंद सांगणारी ‘लाइव्ह ट्रॅफिक एनएसडब्ल्यू’ ही सरकारी सेवा बघा. रस्त्यावर पाणी दिसलं तर खोली मोजत बसू नका, मागे वळा; पाण्याखाली डांबर उरलंय का हे वरून कळत नाही.

फोनसाठी टेल्स्ट्राचं जाळं या भागात सर्वांत दूरवर पोचतं. स्वस्त सिम घ्यायचं तर बूस्ट घ्या, त्याला ते जाळं पूर्ण मिळतं. टेल्स्ट्राच्या बाकीच्या पुनर्विक्रेत्यांना थोडं लहान जाळं मिळतं. २०२४ मध्ये थ्रीजी बंद झाल्यापासून जो फोन फोरजीवरून ०००, म्हणजे आणीबाणीचा नंबर, लावू शकत नाही तो कंपन्या जाळ्यावरून बंद करतात. परदेशात घेतलेला फोन चालतो का हे शहरातच, सिम घेताना दुकानात तपासून घ्या. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा.

गावात गेल्यावर

पहिला थांबा व्हिजिटर इन्फर्मेशन सेंटर. निळ्या पाटीवर पिवळा तिरपा ‘आय’ दिसेल. तिथल्या काउंटरवर बहुधा गावातलेच स्वयंसेवक असतात. ‘काय बघण्यासारखं आहे’ विचारलंत तर माहितीपत्रक हातात पडतं. ‘आज रात्री स्वयंपाकघर कुठलं उघडं आहे, आणि पाऊस आला तर शोग्राउंडवर चिखल होतो का’ असं विचारलंत तर खरी माहिती मिळते. वाचनालयात वायफाय आणि बसायला टेबल. पोहण्याच्या तलावावर काही डॉलरमध्ये शॉवर, पण हे तलाव हिवाळ्यात बंद असतात. त्याला अपवाद मोरी. तिथलं जमिनीखालून येणारं गरम पाणीच गावाची ओळख आहे. पार्क्सच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर १९६१ पासून चालू असलेली ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या आवारात फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर दुर्बिणीच्या कानात तुमचाच आवाज जातो.

पबमध्ये वेटरची वाट बघत बसू नका. काउंटरवर जाऊन मागणी द्यायची, पैसे तिथेच, नंबर घेऊन टेबलावर. स्वयंपाकघर साधारण सहा ते आठच चालतं, आणि सोमवार-मंगळवारी बंदही असू शकतं. लहान गावात शाकाहारी माणसाला पबपेक्षा बेकरीची भाजीची पेस्टी किंवा पिझ्झा बरा. आरएसएल क्लबमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या क्लबमध्ये, दारातच नाव नोंदवावं लागतं, ओळखपत्र न्या आणि टोपी काढा. संध्याकाळी सहाला दिवे मंद झाले आणि सगळे उठून उभे राहिले तर तुम्हीही चमचा ठेवून उभे राहा. युद्धात गेलेल्यांचं स्मरण असतं, दीड-दोन मिनिटांचं.

स्वस्तात राहू देणाऱ्या गावात काहीतरी विकत घ्या. महिन्याचा किराणा शहरातून भरून आणायचा आणि गावाचा फक्त संडास वापरायचा, हे गावकऱ्यांच्या लक्षात येतं. अशी मैदानं बंद करायचे प्रस्ताव कौन्सिलपुढे येतात ते त्यामुळेच. किराणा तीन दिवसांपुरता घेत चला. रिकामे डबे-बाटल्या फेकू नका, ‘रिटर्न अँड अर्न’च्या यंत्रात प्रत्येकी दहा सेंट मिळतात, चार दिवसांत शॉवरची नाणी तेवढ्यातच निघतात.

वाटेत साऊथ ऑस्ट्रेलियाकडे वळायचा बेत झाला तर फळं-भाज्या सीमेआधी संपवा. फळमाशीमुळे तिथे तपासणी नाकी आहेत आणि एक विसरलेलं सफरचंदही दंडाला पुरतं.

उत्तरेला सरळ गेलात तर शेवटची अडचण घड्याळाची. क्वीन्सलंड डेलाइट सेव्हिंग पाळत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत गुंडीविंडीचं घड्याळ सीमेवरच्या नदीच्या अलीकडच्या बॉगाबिला गावापेक्षा तासभर मागे असतं. सीमेजवळ फोन कधी या टॉवरची वेळ धरतो, कधी त्या. तेव्हा वेळ हाताने लावा, आणि जेवणाची वेळ विचारताना कुठल्या राज्याची तेही विचारा.